मांडवात कोण झोपणार?

काही नियम असे असतात, की ते वाचले की नियम करणाऱ्याच्या चष्म्याचा नंबर कळतो. गाय कावासाकी यांचा नियम त्यातलाच. हे गृहस्थ पूर्वी अ‍ॅपलमध्ये मॅकिंटॉशचा प्रचार करत, पुढे नव्या कंपन्यांना पैसे देण्याच्या धंद्यात आले. येणारा प्रत्येक तरुण साठ-साठ स्लाइड घेऊन समोर उभा राहू लागला, तेव्हा २००५ साली त्यांनी फर्मान काढलं: स्लाइड १०, वेळ २० मिनिटं आणि अक्षराचा आकार ३० पॉइंट. तिसऱ्या आकड्याला त्यांनीच ठेवलेली पळवाट मला फार आवडते. समोर बसलेल्यांतला सर्वांत वयस्कर माणूस हेरायचा, त्याच्या वयाला दोनाने भागायचं आणि येईल तो आकार धरायचा. म्हणजे पैसेवाला जितका म्हातारा, तितकं तरुणाचं स्वप्न मोठ्या अक्षरांत. आणि अक्षरं मोठी झाली की शब्द कमी. ऐंशीच्या गृहस्थांसमोर माणूस फार तर कंपनीचं नाव सांगेल आणि खाली मान घालून रक्कम सांगेल. तेवढ्यावर काम होत असेल तर ते सर्वांत उत्तम पिच म्हणायला हरकत नाही.

हे झालं समोरासमोरचं. आधीच पाठवलेल्या पानांच्या नशिबी वीस मिनिटंही नसतात. २०१५ साली डॉकसेंड नावाच्या कंपनीने दोनशे नवउद्योगांची सादरीकरणं गुंतवणूकदार किती वेळ वाचतात ते मोजलं, तर सरासरी निघाली ३ मिनिटं ४४ सेकंद. महिनोन् महिने जागून रचलेलं भविष्य पावणेचार मिनिटांत चाळून होतं. त्यातही डोळा जास्त रेंगाळतो तो दोन पानांवर: एक पैशांच्या आकड्यांचं आणि दुसरं कंपनी काढणाऱ्या माणसांचं. ही दोन पानं जवळजवळ सारखाच वेळ खातात. अजून न मिळालेल्या पैशांकडे आणि समोर नसलेल्या माणसांकडे एकाच नजरेने, एकाच वेगाने पाहणारा तो कुणी अनोळखी वाचक मला अधूनमधून आठवतो आणि उगीच त्याची काळजी वाटते.

माझी भाची सध्या असं एक भविष्य रचते आहे. तिच्या कंपनीचं काम सांगायला सोपं आहे: तुमच्या घरचं धान्य न्यायचं, दळायचं आणि पीठ घरपोच आणून द्यायचं. पण हे असं म्हटलं तर कोण पैसे देणार? तिच्या पहिल्या स्लाइडवर ‘ताज्या पिठासाठी टेक-एनेबल्ड हायपरलोकल प्लॅटफॉर्म’ असं लिहिलं होतं. त्या वाक्यातून पीठ वेगळं काढायला मला चाळणी लागली. ‘‘मामा, तू गुंतवणूकदार आहेस असं समज,’’ ती म्हणाली. पोस्टातल्या ठेवींपलीकडे आयुष्यात न गेलेल्या माणसाला ही बढती मोठी होती. मी पाठ सरळ करून बसलो, चेहऱ्यावर थोडी बेफिकिरी आणली. शेजारी तिची आजी, म्हणजे माझी आई, मेथी निवडत होती. तिला कुणी काही समजायला सांगितलं नव्हतं.

या सादरीकरणांचा क्रम आता पूजेच्या पोथीसारखा पक्का झालेला आहे. आधी जगावर कोसळलेलं संकट, मग त्यावरचा उतारा, मग हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही आणि आत्ताच का सुचलं, मग बाजारपेठ, स्पर्धक, कमाईची तऱ्हा, माणसं आणि शेवटी मागणी. संकटाची स्लाइड भाची अशी काही म्हणाली, की गिरणीत जाऊन येणं हे मला आल्प्स ओलांडण्याइतकं बिकट वाटायला लागलं. मग बाजारपेठ आली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात सुमारे २५ कोटी कुटुंबं; प्रत्येक घरी महिन्याला दहा किलो दळण; किलोला आठ रुपये. झाले महिन्याला दोन हजार कोटी, वर्षाला चोवीस हजार कोटी. ‘‘यातला आपल्याला फक्त एक टक्का मिळाला तरी...’’ असं म्हणून ती थांबली. ते थांबणंही सरावातलं होतं. एक टक्का ही फार लाघवी गोष्ट आहे. शंभरातला एक, दारातून अंग चोरून आत आलेला, कोपऱ्यात बसू द्या म्हणणारा. त्याला नाही म्हणणं जिवावर येतं. पण त्या एक टक्क्याची पंचवीस लाख घरं होतात, पंचवीस लाख घरांचे पंचवीस लाख डबे आणि तितकीच झाकणं. एका जिन्यातल्या चार घरांची झाकणं आमच्याकडे आजवर कधी आपापल्या डब्यांवर परत गेलेली नाहीत.

त्यापुढे स्पर्धकांचं पान होतं. एक उभी रेघ, एक आडवी रेघ आणि त्यांनी पाडलेली चार शेतं. उजवीकडच्या वरच्या शेतात भाचीची कंपनी एकटी, माळरानावरच्या देवळासारखी. पाकिटातला आटा विकणाऱ्या बड्या कंपन्या डावीकडे, घरघंटीवाले खाली उजवीकडे. अशा चौकटी मी नंतर आणखीही पाहिल्या. ज्याची चौकट तो कायम वर उजवीकडेच असतो. सगळ्यांची पानं एकावर एक ठेवली तर त्या कोपऱ्यात केवढी चेंगराचेंगरी होईल! पण माझं लक्ष गेलं ते डावीकडच्या खालच्या टोकाला. तिथे, ना तंत्रज्ञान ना सोय अशा अंधारात, एक ठिपका होता आणि त्याच्यापाशी लिहिलं होतं: स्थानिक गिरणी.

त्या ठिपक्याला मी ओळखतो. त्याच्या भुवया पांढऱ्या आहेत, पण केस काळे, कारण डोक्याला फडकं असतं. त्याच्याकडे डब्यांची रांग लागलेली असते आणि प्रत्येक डब्यात धान्यावर एक चिठ्ठी. ‘पोळीचे, बारीक.’ ‘थालीपिठाची भाजणी, जाडसर.’ ‘बेसन. लाडूचे आहे, रवाळ ठेवणे.’ ‘उपवासाची भाजणी. आधी चक्की पुसावी.’ खाली दोन रेघा ओढलेल्या, म्हणजे देवाचीही सही आहे असं समजावं. चक्कीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी नळीतून पीठ पडू लागलं, की तो अंगठा आणि तर्जनीत चिमूट घेऊन चोळतो आणि कानाशी काही ऐकल्यासारखं करून दगडाची फिरकी किंचित आवळतो. गिऱ्हाईक दारातून ओरडतं, ‘‘आधी काय लावलं होतं?’’ तो म्हणतो, ‘‘ज्वारी.’’ ‘‘मग आमचा गहू थांबव, कुणाचा तरी जाऊ दे आधी.’’ प्रत्येकाला आपल्या गव्हापुढे दुसऱ्या कुणाचा तरी गहू हवा असतो. अहिंसेवर विश्वास असलेली माणसंही या बाबतीत शेजाऱ्याचा बळी द्यायला मागेपुढे पाहत नाहीत.

भविष्याचा आलेख आला तेव्हा आजीने मेथीतून मान वर केली. रेघ पहिली दोन वर्षं दुपारी सतरंजीवर लवंडलेल्या माणसासारखी आडवी होती, आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी दार ठोठावल्यासारखी ताडकन उभी राहिली होती. ही किमया कशी होते तेही मी पाहिलं आहे. एक्सेलमधल्या एका चौकोनाचा कोपरा पकडायचा आणि उजवीकडे ओढत न्यायचा. हात सुटेपर्यंत पाच वर्षं होऊन गेलेली असतात, आणि इतकी सुखाची पाच वर्षं मी तरी कुणाच्या आयुष्यात पाहिलेली नाहीत. आपल्याकडे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात. त्या भटाची चूक एवढीच, की त्याने तुरीचा पाच वर्षांचा तक्ता मांडला नव्हता. तो मांडला असता तर घरात मारहाण झाली नसती, भांडवल उभारणीचा राउंड झाला असता.

शेवटी मागणी: दोन कोटी रुपये, आठ टक्के हिस्सा. मी मनातल्या मनात भागाकार केला. म्हणजे कंपनीची किंमत पंचवीस कोटी. कंपनीकडे दोन लॅपटॉप, एक वजनकाटा, एका सोसायटीतली गिऱ्हाइकं आणि मित्राच्या काकांचा टेम्पो. भाचीचा आवाज इथवर खणखणीत होता, तो रकमेपाशी आला आणि बसला. ‘‘दोन... कोटी,’’ मधली जागा एखाद्या ओढ्यासारखी, उडी मारावी की न मारावी. पंचवीस कोटींची मालकीण मागायला लाजत होती. मला एकदम ती फार जवळची वाटली.

कारण मागायची लाज आमच्या घराण्यात चांगली रुजलेली आहे. मला ती गणपतीच्या वर्गणीपासून आठवते. आम्ही मुलं घोळक्याने निघायचो, बोलणारा पुढे आणि बाकीचे त्याच्या पाठीमागे एकमेकांच्या चपला पाहत उभे. पण आमच्यात एक हुशार होता. पावतीपुस्तकातली पहिली पावती तो कधी कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या नावाने फाडू द्यायचा नाही. आधी डॉक्टरांकडे जायचं, त्यांच्याकडून एकावन्न घ्यायचे आणि पुढच्या प्रत्येक दारात पुस्तक असं सहज उघडायचं, की ती स्थळप्रत समोरच्याच्या नजरेला पडावी. मग पाच देणारा अकरा द्यायचा. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘मामा, म्हणजे लीड इन्व्हेस्टर.’’ एक मोठं नाव आधी मिळालं, की बाकीचे रांगेत येतात. ते मिळेपर्यंत मात्र प्रत्येकजण ‘‘आणखी कोण आहे?’’ एवढंच विचारत राहतो. आमचा डॉक्टर तेव्हा हे काम पुढाऱ्यासारखं न मिरवता, एका हाताने इंजेक्शन उकळत करायचा.

त्याच आळीत एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांच्यापुढे डॉक्टरांच्या पावतीची मात्रा चालत नसे. आरास कसली, मूर्ती किती फुटी, रेकॉर्डवर गाणी कोणती, हे सगळं आम्ही सांगून दमलो, की ते चष्मा पुसत विचारायचे, ‘‘रात्री मांडवात कोण झोपणार?’’ या प्रश्नाला आमच्या भाषणात उत्तर नव्हतं. मूर्तीपाशी दिवा तेवत ठेवायचा, कुत्री हाकायची, पाऊस आला तर ताडपत्री ओढायची, त्याला कोण? एका वर्षी मागून एक आवाज आला, ‘‘मी. आईला सांगून ठेवलंय.’’ तो मुलगा अभ्यासात यथातथाच होता आणि एरवी वर्गणीच्या घोळक्यात त्याला शेवटची जागा असायची. हेडमास्तरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आत गेले आणि पंचवीस रुपये घेऊन आले. पावतीही घेतली नाही.

धनिकांच्या परीक्षा अशा नेमक्या असत्या तर बरं झालं असतं. पण देणारेही माणसंच, त्यांनाही पुढचं दिसत नाही. २००८ च्या उन्हाळ्यात एअरबीएनबीच्या संस्थापकांनी सात गुंतवणूकदारांपुढे दीड लाख डॉलर मागितले. पाच जणांनी नाही म्हटलं, दोघांनी उत्तरच दिलं नाही. अनोळखी माणसाच्या घरात हवेची गादी टाकून झोपायला लोक पैसे मोजतील, हे तेव्हा कुणाला पटावं? पोटापाण्यासाठी त्या पोरांनी अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा मोका साधून ओबामा आणि मॅकेन यांच्या नावांची न्याहारीच्या सीरियलची खोकी बनवली, हातांनी चिकटवली आणि चाळीस-चाळीस डॉलरला विकली. पुढे पॉल ग्रॅहम यांनी त्यांना नवउद्योगांना हात देणाऱ्या आपल्या वाय कॉम्बिनेटरमध्ये घेतलं ते गादीच्या कल्पनेवर भाळून नव्हे; असल्या खोक्यांवर तग धरणारी माणसं सहजासहजी मरायची नाहीत, हे पाहून. बेसेमर नावाची जुनी गुंतवणूक संस्था तर आपण हातच्या घालवलेल्या कंपन्यांची यादीच उघडपणे छापते. त्यात गूगलही आहे. त्यांच्या एका भागीदाराच्या मैत्रिणीने आपलं गॅरेज दोन विद्यार्थ्यांना भाड्याने दिलं होतं. ती म्हणाली, पोरं हुशार आहेत, सर्च इंजिन बनवतायत, भेट तरी. त्यावर त्या गृहस्थांनी, गॅरेजच्या जवळूनही न जाता या घरातून बाहेर पडायची वाट कुठली, असं विचारलं. स्वतःच्या फजितीची इतकी नेटकी नोंद ठेवणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो. आपल्याकडचा सावकार अशा वेळी ‘‘मला तेव्हाच वाटलं होतं,’’ म्हणाला असता.

आपल्याकडचं सर्वांत देखणं पिच मात्र मला धुंडिराज गोविंद फाळके यांचं वाटतं. १९११ साली गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहून त्यांच्या मनाने घेतलं, की असेच आपले देव पडद्यावर आणायचे. विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, तंत्र पाहिलं, कॅमेऱ्याची खरेदी करून परतले. आता चित्रपट काढायला पैसे हवेत. द्यायला कोण तयार होणार? गोष्ट निवडली होती राजा हरिश्चंद्राची. स्वप्नात दिलेल्या शब्दापायी राज्य, बायको, पोर, सगळं घालवून बसलेल्या माणसाची गोष्ट सांगायला लोकांकडे भांडवल मागायचं! एवढा धोक्याचा इशारा कुठल्याच कंपनीने आजवर पहिल्या पानावर छापला नसेल. फाळक्यांनी ना राजाचं रूप रंगवलं, ना प्रेक्षकांची शिरगणती मांडली. त्यांनी एका कुंडीत मटार पेरला. तिच्यासमोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करत राहिले. मग निवडक मंडळींना बोलावून ती फीत दाखवली. जेमतेम मिनिटभरात माती हलली, कोंब बाहेर आला, मान डोलवत वर चढला आणि वेल झाला. नाव दिलं ‘अंकुराची वाढ’. यशवंतराव नाडकर्णी यांनी ते पाहून पैसे द्यायचं कबूल केलं. सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये हरिश्चंद्र लोकांसमोर उभा राहिला.

मटाराचा हरिश्चंद्राशी संबंध काय? काहीच नाही. पण त्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्यांना वेलाबरोबर आणखी काही दिसलं असावं असं मला वाटतं. चाळिशी ओलांडलेला, पदरी पोरंबाळं असलेला एक गृहस्थ महिनाभर एका कुंडीसमोर ठाण मांडून बसला होता. ऊन सरकलं की तो सरकला असेल, पोरांना ‘‘हात लावू नका’’ म्हणून ओरडला असेल, पाणी घालताना कुंडी तसूभर हलू नये म्हणून श्वास धरला असेल. फितीच्या कुठल्याच चौकटीत फाळके नाहीत, आणि प्रत्येक चौकटीत तेच आहेत. हेडमास्तरांना त्यांचा प्रश्न विचारायचीही गरज पडली नसती.

भाचीचं ‘धन्यवाद’ भिंतीवर झळकलं तेव्हा मी टाळ्या वाजवण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात मेथीच्या जुडीमागून आवाज आला, ‘‘पण आलेलं पीठ माझ्याच गव्हाचं आहे हे कशावरून?’’ खोलीत जरा शांतता पसरली. चोवीस हजार कोटींचा बाजार त्या एका प्रश्नापुढे हात जोडून उभा राहिला. भाचीने काही न बोलता आणखी बटणं दाबली आणि ‘धन्यवाद’च्या पलीकडे गेली. तिथे आणखी पानं होती, परीक्षेत लागल्या तर असाव्यात म्हणून खिशात ठेवलेल्या चिठ्ठ्यांसारखी. एका पानावर डब्यांतल्या चिठ्ठ्यांचे फोटो होते, ‘लाडूचे आहे’पासून दोन रेघांच्या उपवासाच्या भाजणीपर्यंत. सुरुवातीला एका काकूंच्या गव्हात बाजरी उतरली होती आणि त्यांनी डबा तसाच परत पाठवला होता. तेव्हापासून भाची रोज गिरणीत जाऊन उभी राहू लागली. कोणत्या धान्यावर कोणतं लावलं तर किती उतरतं, चक्की किती वेळ रिकामी फिरवावी लागते, हे ती गिरणीवाल्याकडून शिकली. आता तिच्या प्रत्येक डब्याला सील असतं आणि आत परत जाणाऱ्या चिठ्ठीवर एक ओळ लिहिलेली असते: ‘याआधी लावलेले: गहू’. गिरणीवाल्याच्या अक्षरात, त्याच्या सहीसकट.

‘‘हे शेवटी का ठेवलंस?’’ मी विचारलं.

‘‘ते अ‍ॅपेन्डिक्स आहे, मामा. कुणी विचारलं तरच दाखवायचं. त्यात टेक नाहीये ना.’’

आजीने मान डोलावली आणि पुन्हा मेथीत घातली. तिच्या लेखी राउंड बंद झाला होता. मला मात्र भाचीच्या बाहीवर कोपरापाशी राहिलेला पिठाचा एक पुसट पट्टा आत्ता कुठे दिसला. वीस मिनिटं ती माझ्यासमोर उभी होती आणि मी भिंतीवरची कोटी मोजत होतो. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातला तो ठिपका तिने आता पुसून टाकला आहे. गिरणीवाला स्पर्धकांच्या पानावरून उठून माणसांच्या पानावर आला, तिच्या नि तिच्या भागीदाराच्या मधोमध, भुवयांसकट.

पैसे अजून आलेले नाहीत. दोघांनी ‘‘संपर्कात राहू’’ म्हटलं आहे, म्हणजे ते राहणार नाहीत. एकाने पुन्हा बोलावलं आहे. येतील किंवा न येतील. पण दहा स्लाइडची ही सगळी यातायात कशासाठी, याचा मला आता थोडा उलगडा झाल्यासारखं वाटतं. अजून नसलेल्या गोष्टीसाठी हात पुढे करणारा माणूस कसा आहे, हे पाहायला देणाऱ्याला वेळ लागतो. इतका वेळ कुणाच्या तोंडाकडे टक लावून बसणं सभ्यपणाचं दिसत नाही. म्हणून मधूनमधून मान वळवून बघायला भिंतीवर काही आकडे असलेले बरे.